पुद्गल, ऊर्जा आणि सत्याची कसोटी : डॉ. जयंत नारळीकर यांचे चिंतन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या सोहळ्यात दानशूरांचे स्मरण होते, मंदिर आणि पाठशाळेच्या कार्याचा आढावा घेतला जातो, आणि धर्माच्या थोरवीविषयी चार शब्द बोलले जातात. अशा प्रसंगी एक वाक्य हमखास कानी पडते : ‘आमच्या आचार्यांनी हजारो वर्षांपूर्वी जे सांगून ठेवले, तेच आज विज्ञानाने मान्य केले आहे.’ हे वाक्य ऐकताना मान अभिमानाने ताठ होते, हे स्वाभाविकच आहे. परंतु ते कितपत खरे आहे, याची शहानिशा मात्र क्वचितच होते. पदार्थ आणि ऊर्जा यांचा आयुष्यभर विचार करणाऱ्या एका थोर मराठी शास्त्रज्ञाच्या कार्याच्या आधारे ही शहानिशा करावी, हाच प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे. ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर.

डॉ. नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, तर मातोश्री सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. वाराणसीत शिक्षण घेऊन ते केंब्रिजला गेले, तेथे १९५९ मध्ये रँग्लर झाले आणि प्रा. फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वरचनाशास्त्रात संशोधन केले. १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७२ मध्ये ते मायदेशी परतले, १९८८ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचे संस्थापक संचालक झाले, आणि २००४ मध्ये पद्मविभूषणाने गौरविले गेले. मराठीत विज्ञानकथा लिहून त्यांनी विज्ञान घराघरांत पोहोचविले. २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचाराकडे वळण्यापूर्वी पदार्थ आणि ऊर्जा यांचे नाते समजून घेणे आवश्यक आहे. जैन तत्त्वज्ञानात सहा द्रव्ये सांगितली आहेत : जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काळ. त्यांपैकी स्पर्श, रस, गंध आणि वर्ण ज्याला आहेत ते पुद्गल. जे एकत्र येते आणि विलग होते, भरते आणि गळते, ते पुद्गल, अशी या शब्दाची फोड केली जाते. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात शब्द, प्रकाश, अंधार, छाया आणि उष्णता यांनाही पुद्गलाचेच पर्याय मानले आहे. प्रत्येक सत् वस्तूत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही लक्षणे एकाच वेळी असतात, हा तर जैन दर्शनाचा पायाच. सोन्याचे कडे मोडून हार घडविला तर कड्याचा व्यय होतो, हाराचा उत्पाद होतो, सोने मात्र ध्रुव राहते, हा दृष्टान्त पाठशाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो.

आधुनिक विज्ञानाने हा प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला. अठराव्या शतकात लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने तराजू हाती घेऊन दाखविले की, ज्वलनात पदार्थ नाहीसा होत नाही. जळणाऱ्या वस्तूचे आणि तिला मिळालेल्या हवेचे आधीचे वजन मागे उरलेल्या राखेत, वायूंत आणि वाफेत पुरेपूर सापडते. एकोणिसाव्या शतकात ऊर्जेविषयीही असाच नियम सिद्ध झाला. १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी या दोन खतावण्या एकत्र केल्या. वस्तुमान आणि ऊर्जा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असून, वस्तुमानाला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणले की ऊर्जेचा आकडा मिळतो, असे त्यांनी दाखविले.

हा आकडा किती मोठा आहे, हे लातूरच्या बाजारपेठेतल्या मालावरून पाहावे. तुरीचे दहा दाणे म्हणजे ढोबळमानाने एक ग्रॅम. या एक ग्रॅम वस्तुमानाचे संपूर्णपणे ऊर्जेत रूपांतर करता आले, तर सुमारे अडीच कोटी युनिट वीज मिळेल. महिना दोनशे युनिट वापरणाऱ्या दहा हजार घरांना ती वर्षभर पुरेल. तुरीच्या दाण्यांचे असे रूपांतर कोणी करू शकत नाही, हे खरे. परंतु सूर्य दर सेकंदाला हेच करीत असतो. त्याच्या गाभ्यात प्रत्येक सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि त्यातील चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जारूपाने बाहेर पडते. मराठवाड्याचे ऊन हा त्याचाच अत्यल्प अंश.

याच हिशेबाचे एक दुःखद उदाहरण या भूमीने सोसलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, दशलक्षण पर्वाची सांगता झालेली, गणेश विसर्जन आटोपून गावे निजलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसराची भूमी हादरली आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत आहे. त्या रेट्यामुळे खडकांत युगानुयुगे ताण साठत गेला आणि एका क्षणी तो मोकळा झाला. भूकंपाची तीव्रता ६.२ धरून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला, तर लहरींच्या रूपाने बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे दीड ग्रॅम वस्तुमानाइतकी भरते. पंधराएक तुरीच्या दाण्यांइतके वजन! ऊर्जा नव्याने उपजली नव्हती. ती खडकांत दडलेली होती आणि तिने फक्त रूप पालटले. हिशेब तंतोतंत जुळतो. माणसांचे मात्र जे गेले ते गेले, आणि ते कोणत्याही सूत्रात बसत नाही. या मुद्द्याकडे व्याख्यानाच्या अखेरीस पुन्हा यावयाचे आहे.

आता डॉ. नारळीकरांचा मूळ प्रश्न. ऊर्जेचा पदार्थ होतो, पदार्थाची ऊर्जा होते, हे मान्य. परंतु या खतावणीतील आरंभीची शिल्लक आली कोठून? विश्वातील सर्व पदार्थ पहिल्यांदा कसा अस्तित्वात आला?

विश्व प्रसरण पावत आहे, दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे १९२९ पर्यंत निरीक्षणांनी स्पष्ट झाले होते. त्यावरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की, फार पूर्वी सर्व काही अतिशय घन आणि तप्त अवस्थेत असावे आणि तेथून एका महास्फोटाने विश्वाचा आरंभ झाला असावा. १९४८ मध्ये हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी याला पर्याय मांडला. विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावते तसतसा नवा पदार्थ अत्यंत मंद गतीने निर्माण होत राहतो आणि विश्वाचे एकूण स्वरूप कायम राहते. या निर्मितीचा वेग अगदीच नगण्य, एका घनमीटर जागेत अब्जावधी वर्षांत एखाद-दुसरा हायड्रोजनचा अणू. हाच स्थिर स्थिती सिद्धान्त.

त्यावर साहजिकच आक्षेप आला की, शून्यातून पदार्थ निर्माण होऊ लागला तर ऊर्जा-अक्षय्यतेच्या नियमाचे काय? हॉईल आणि नारळीकर यांनी या आक्षेपाला बगल दिली नाही. त्यांनी एका ‘निर्मिती-क्षेत्रा’ची गणिती मांडणी केली. या क्षेत्राची ऊर्जा ऋण असते. पदार्थ निर्माण होताना जेवढी धन ऊर्जा जमा होते, तेवढीच ऋण ऊर्जा या क्षेत्राच्या खात्यात वाढते आणि एकूण बेरीज बदलत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जमा दाखविली की नावेही दाखवावे लागते. डॉ. नारळीकरांचा आक्षेप नेमका येथेच होता. महास्फोटाच्या आरंभक्षणी सगळा पदार्थ एकदम अवतरला असे म्हणणे आणि त्या क्षणाला भौतिकीचे नियम लागू होत नाहीत असेही म्हणणे, हे त्यांना वहीचे पहिलेच पान कोरे सोडण्यासारखे वाटे.

१९६४ मध्ये या दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्तही मांडला. कणाचे वस्तुमान हे त्याचे एकट्याचे नसून विश्वातील इतर सर्व कणांच्या अस्तित्वामुळे ते त्याला लाभते, ही त्यामागची कल्पना. वस्तूचे जडत्व उर्वरित विश्वाशी निगडित असावे, या माख नावाच्या विचारवंताच्या सूचनेला त्यांनी गणिताचे रूप दिले.

हे सर्व ऐकताना अनेकांच्या मनात तुलना सुरू झाली असेल. जैन दर्शनात लोक अनादि-अनंत आहे, त्याचा कोणी कर्ता नाही; नारळीकरही विश्वाला आरंभ नाही असेच म्हणतात. जैन कालचक्रात उत्सर्पिणी आणि अवसर्पिणी आहेत. नारळीकरांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये मांडलेल्या सुधारित सिद्धान्तातही सुमारे पन्नास अब्ज वर्षांच्या आवर्तनांत विश्व प्रसरण आणि आकुंचन पावते. जैन प्रतीकाखालील बोधवाक्य परस्पर-उपकाराचे आहे. येथे कणसुद्धा परस्परांना वस्तुमान देतात! मग ‘विज्ञानाने मान्य केले’ असे म्हणायला हरकत कोणती?

हरकत आहे, आणि ती तीन प्रकारची आहे.

पहिली हरकत अशी की, साम्य शब्दांचे आहे, अर्थाचे नाही. उत्सर्पिणी-अवसर्पिणीत आयुष्य, देहाची उंची, सुख आणि सदाचार यांची वृद्धी आणि ऱ्हास सांगितला आहे, आणि तोही विशिष्ट क्षेत्रांपुरता. दीर्घिकांमधील अंतराशी त्याचा संबंध नाही. परस्पर-उपकाराचे वचन जीवांविषयी आहे, जड कणांविषयी नव्हे. परमाणूंच्या बंधासाठी सांगितलेले स्निग्ध आणि रूक्ष हे गुण म्हणजेच धन आणि ऋण विद्युत, असेही काही जण सांगतात. परंतु ते स्पर्शाचे गुण आहेत, आणि विद्युतभाराची मोजमापे त्यांना लावता येत नाहीत. खुद्द ‘परमाणू’ या शब्दानेही गोंधळ होतो. हिंदी ग्रंथांत रसायनशास्त्रातील अणूला परमाणू म्हणतात, तो फुटतो. जैन दर्शनातील परमाणू मात्र अविभाज्य, ज्याला भागच नाहीत असा. दोहोंचे नाव एक असले तरी वस्तू एक नव्हेत.

दुसरी हरकत अधिक महत्त्वाची. ज्या सिद्धान्ताच्या आधारे हा अभिमान बाळगायचा, तो सिद्धान्त बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारलेला नाही. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण शोधल्याचे जाहीर केले. निरपेक्ष शून्यापेक्षा जेमतेम पावणेतीन अंश अधिक तापमानाचे हे प्रारण, तप्त आरंभाची उरलेली ऊब म्हणून सहज उलगडते. डॉ. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातील लोहाच्या सूक्ष्म, सुईसारख्या कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकला असावा, असे त्यांनी सुचविले. तथापि पुढील निरीक्षणांनी पारडे महास्फोट सिद्धान्ताकडेच झुकत गेले आणि त्यानुसार विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. अनादि विश्वाची श्रद्धा या एका सिद्धान्ताच्या खुंटीला टांगली, तर खुंटी निखळताच श्रद्धेचेही तसेच व्हायचे काय?

तिसरी हरकत डॉ. नारळीकरांच्या स्वतःच्या भूमिकेतूनच निघते. प्राचीन भारतीयांना आधुनिक विज्ञान अवगत होते, या प्रकारच्या दाव्यांची त्यांनी ‘द सायंटिफिक एज’ या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात चिकित्सा केली. प्राचीन गणित आणि ज्योतिर्विज्ञान यांतील खऱ्या कर्तृत्वाचा त्यांनी आदरच केला. मात्र अस्पष्ट वचनावर नवा अर्थ लादून केलेला दावा त्यांना पुराव्याविना मान्य नव्हता. हीच कसोटी त्यांनी फलज्योतिषालाही लावली. २००८ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने केलेल्या चाचणीत शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या गेल्या. सहभागी ज्योतिषांपैकी प्रत्येकाने चाळीस कुंडल्या पाहून कोणती कोणाची हे सांगायचे होते. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली; बरोबर निघालेल्या उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के होते. नाणे उडवून ठरविले असते, तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. मुला-मुलींचे विवाह कुंडली पाहून जुळविणाऱ्या समाजाने हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

येथे एक शंका उपस्थित होईल. इतरांच्या दाव्यांना पुरावा मागणारे नारळीकर स्वतःच्या अल्पमतातील सिद्धान्ताला मात्र अखेरपर्यंत का धरून राहिले? याचे उत्तर त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. त्यांनी विरोधी पुरावा लपविला नाही. त्यांनी सिद्धान्तात दुरुस्त्या केल्या, त्याची गणिते छापून जगासमोर ठेवली आणि कोणत्या निरीक्षणाने तो खोटा ठरेल याची चर्चा खुलेपणाने केली. त्यांनी उभारलेल्या ‘आयुका’मध्ये महास्फोट सिद्धान्तावर काम करणाऱ्यांनाही तेवढीच मोकळीक होती. संस्था स्वतःच्या मताचा मठ होऊ द्यायची नाही, हे पथ्य पाळणे सोपे नाही. धार्मिक संस्थांनाही ते विचारात घेण्यासारखे आहे.

जैन परंपरेला ही वृत्ती परकी आहे काय? मुळीच नाही. प्रत्येक विधानामागे ‘स्यात्’ लावण्यास शिकविणारी ही परंपरा आहे. एका दृष्टीने पाहता हे असे आहे, अन्य दृष्टीने अन्यथा असू शकते, ही मर्यादा स्वतःच्या म्हणण्याला घालून घेणे म्हणजे स्याद्वाद. ‘विज्ञानाने आमचे सर्व मान्य केले’ या वाक्यात ‘स्यात्’ कोठेच नाही. जे वाक्य अभिमानासाठी उच्चारले जाते, तेच अनेकान्ताचा भंग करते. शिवाय आगमाचे प्रयोजन आत्मशुद्धीचा मार्ग दाखविणे हे आहे. त्याला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज वाटणे हेच श्रद्धेच्या दुबळेपणाचे लक्षण होय. पुद्गलाच्या विचारात प्राचीन आचार्यांनी दाखविलेली झेप, प्रकाश आणि उष्णता यांनाही जड द्रव्याच्या कक्षेत आणण्याचे धाडस, याचा आदर जरूर व्हावा. तो तत्त्वचिंतनाचा पराक्रम म्हणून व्हावा; आइन्स्टाइनच्या समीकरणावरील पूर्वहक्क म्हणून नव्हे.

आता थोडे घराजवळचे. शिरड शहापूरच्या अतिशय क्षेत्राला जाणाऱ्या यात्रेकरूंना हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथचा परिसर अपरिचित नाही. याच तालुक्यात दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभारण्याचे निश्चित झाले आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. या कामातील सहभागी संस्थांमध्ये डॉ. नारळीकरांनी स्थापन केलेली ‘आयुका’ आहे. परस्परांना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेझर किरण धावतील आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा लांबीतील फरक मोजतील.

हा फरक कशाने पडतो? १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वलहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. एकाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसऱ्याचे २९ पट, बेरीज ६५. परंतु एकत्र झालेल्या विवराचे वस्तुमान भरले ६२ पट. उरलेले तीन सूर्यांइतके वस्तुमान सेकंदाच्या अल्प अंशात ऊर्जा बनून लहरींच्या रूपाने विश्वात पसरले होते. पदार्थाची ऊर्जा होते या विधानाचा इतका प्रचंड दाखला क्वचितच मिळाला असेल. वेधशाळा पूर्ण होईल तेव्हा असे दाखले नांदेडहून दोन तासांच्या आत पोहोचता येईल अशा माळावर नोंदविले जातील.

प्रश्न एवढाच की, तेथे काम करणाऱ्यांत या परिसरातील मुले-मुली किती असतील? लातूर पॅटर्नने गुणवत्ता यादीत नाव कमावले, असंख्य डॉक्टर आणि अभियंते घडविले. त्या परिश्रमांना शुद्ध विज्ञानाच्या कुतूहलाची जोड मिळणे आता आवश्यक आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने पाठशाळेत तत्त्वार्थसूत्राशेजारी विज्ञानाच्या पुस्तकांचे एक कपाट ठेवावे, नारळीकरांची मराठी पुस्तके त्यात असावीत, आणि भौतिकशास्त्रात उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या एका तरी विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा भार दरवर्षी उचलावा. शिखरावर कळस चढविण्याइतकेच ते पुण्यप्रद ठरेल. पाठशाळेतल्या मुलाने एखादी शंका विचारली, तर तिला अश्रद्धा न म्हणता तिचे स्वागत करावे, ही अपेक्षा त्याहून मोठी. तिला पैसा लागत नाही.

अखेरीस पुन्हा किल्लारीकडे. त्या पहाटे भूगर्भातून किती ऊर्जा बाहेर पडली, याचे उत्तर भौतिकी देऊ शकते. परंतु त्यानंतर जे घडले त्याचा हिशेब तिच्या खतावणीत नाही. भूकंपाने उघड्यावर आणलेल्या सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेले, वाघोली येथे त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्या मुलांना घास भरविणाऱ्या हातांतील ऊर्जा कॅलरीत मोजता येईल. तो हात पुढे का झाला, हे मोजता येणार नाही. जैन दर्शनाने जीव आणि पुद्गल ही दोन द्रव्ये वेगळी मानली, त्यामागचा अनुभव कदाचित असाच असेल. पुद्गलाच्या प्रांतात विज्ञानाने सिद्ध केलेले नम्रपणे स्वीकारावे, आणि ज्ञान, दया व संयम या जीवाच्या प्रांतात स्वतःचे आचरण तपासावे. दोन्हीकडे खोटा हिशेब चालत नाही.

डॉ. नारळीकरांनी विश्वाचे पहिले पान कोरे ठेवण्यास नकार दिला. त्यांचे उत्तर चुकीचे ठरले तरी त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. सत्याला महाव्रत मानणाऱ्या समाजाने या मराठी शास्त्रज्ञाकडून घ्यावा तो हाच धडा.

जय जिनेंद्र!